आबा शनिवारी स्टँडवर जायचे

मुरगूड, रविवार

प्रिय दादा,

हातानं लिहून फोटो पाठवतेय, कारण फोनवर तू लगेच विषय बदलतोस. आईच्या हृदयाचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी कोल्हापुरात ठरलंय. तू म्हणतोस रजा न्हाय. आई म्हणते, पोरगं आल्याबिगार मी सही करत न्हाय. आणि डॉक्टर म्हणतात, आता लांबवू नका. तुमच्या दोघांच्या हट्टात माझं डोस्कं फिरायची वेळ आलीय.

परवा तू कामावर असताना तुझ्या लेकीचा, साराचा, व्हिडिओ कॉल आला; तिला शाळेसाठी आजोबांची माहिती हवी होती. आई मराठीत सांगत होती, मी ते तिला आणि एलेना वहिनींना स्पॅनिशमध्ये. त्याचसाठी तर कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या क्लासला दोन वर्षं हेलपाटे घातले की मी! त्या भाषेत भूतकाळ निवडताना आम्ही शिकणारे आधी खुणेचे शब्द हुडकतो. ‘काल’ दिसलं की एक रूप, ‘रोज’ दिसलं की दुसरं. एलेना वहिनी काही हुडकत न्हाईत. एखादी गोष्ट घडून मिटली, का ती चालत राहिली होती, एवढंच त्या बघतात आणि बोलून मोकळ्या होतात.

आईनं सांगितलं, आबा शनिवारी स्टँडवर जायचे. मी सांगितलं, आबा एका शनिवारी स्टँडवर गेले. पुढं आईनं लूनाची मागची सीट पुसायचा टॉवेल सांगितला, शेवटची गाडी येईपर्यंतचं बसणं सांगितलं. तेही मी स्पॅनिशमध्ये सांगत गेले, तशी वहिनींनी मला थांबवलं. हे एकदाच घडलेलं वाटत नाही, म्हणाल्या. मी हसले, शिकाऊ आहे, चुकलं म्हणाले. दादा, ती चूक नव्हती. मी मुद्दाम तसं सांगितलं होतं.

कॉलेजात असताना तू न कळवता शनिवारच्या शेवटच्या गाडीनं यायचास. तू परदेशी गेल्यावरही आबा दर शनिवारी लूना घेऊन जात राहिले. पाच वर्षं! आम्ही ओरडायचो, ते ऐकायचे न्हाईत. आबा घरी झोपेतच गेले, असं मी तुला सांगितलं होतं. खोटं होतं ते. त्या शनिवारी ते स्टँडच्या बाकड्यावर कोसळले. तू पाच दिवसांनी पोचलास, रडून रडून अर्धा झालेलास. माझा धीर झाला नाही. मला माफ कर.

काल शनिवार होता. दुपारनंतर आई घरात दिसेना. सगळी गल्ली पालथी घातली, जीव नुसता थाऱ्यावर नव्हता. शेवटी स्टँडवर सापडली. त्याच बाकड्यावर बसली होती, मांडीवर आबांचा तो टॉवेल घेऊन. घरी चल म्हटलं, तर म्हणाली, शेवटची गाडी येऊ दे. आम्ही दोघी गाडी रिकामी होईपर्यंत बसलो. म्हणून हे सगळं आज लिहिलं. रजा मिळो न मिळो, ये. शनिवारी मी लूना घेऊन स्टँडवर थांबते.

तुझीच,
पूर्णिमा