पाळीवरची चार अंडी

९ मे १९८३, देवणी

पाखरू कुणाचं? आधी ज्यानं पाहिलं त्याचं, की ज्यानं फोटो काढला त्याचं? सकाळपासून विचार करतेय. मला याचं उत्तर येत नाही. घरातली पहिली बी. ए., आणि एवढंही येत नाही!

महानंदा परवा बिलोलीहून माहेरी आली. गळ्यात नवऱ्यानं दिलेला कॅमेरा. बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर. आज मीच तिला तळ्यावर नेलं. तळं कसलं, भेगाळलेली काळी जमीन आणि मधोमध गुडघाभर पाणी. पण या दुष्काळानं एक केलंय, आसपासचं सगळं पाखरू तेवढ्या पाण्यावर येतं. शेकाटे, बगळे, आणि आज चक्क दोन रंगीत करकोचे! गुलाबी पिसांचे! चार महिने रोज पहाटे जातेय, वह्या भरतेय. करकोचे पहिल्यांदाच दिसले. मी बोट दाखवलं, तिनं खटका दाबला.

झालं. करकोचे तिचे.

११ मे

अप्पा आमच्या बियाण्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला सांगत होते, "महानंदीला लई नजर हाय. काय काय टिपायली!"

नजर! माझ्या वह्या त्यांनी कधी उघडल्या नाहीत. बियाण्यांच्या पोत्यांमागे पडल्यात.

१३ मे

टिटवीची अंडी सापडली! तळ्याच्या पोटात, पाण्यापासून वीस पावलांवर. चार. मातीच्या रंगाची, टोकं आत. पाय पडला असता इतकी मिसळून गेलेली. तासभर बसले. टिटवी आली, छाती जरा फुगवली आणि अंडी पोटाखाली घेतली. इतका आनंद निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

कुणाला सांगायचं नाही. ही माझी.

परत येताना केरबामामा भेटले, गुरं घेऊन. अंड्यांचं सांगितलं नाही, नुसतं विचारलं, टिटवीचं आणि पावसाचं काय असतं हो? म्हणाले, "टिटवीनं खोलात घातली तर कोरडं साल. पाळीवर, वर बांधावर घातली तर तळं भरतंय. तिला कळतंय, बाई, तुमच्या रेडिओला न्हाई कळत."

मला हसू आलं. मामाही हसले. "हासा! शिकल्याली माणसं हासणारच."

१६ मे

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागलाय. नव्या जिल्ह्याचा पहिला वाढदिवस, ऑगस्टात लातूरला फोटोंचं प्रदर्शन. (पाटीवर 'उस्मानाबाद' खरवडून 'लातूर' रंगवलंय, खालचं अजून दिसतं.)

महानंदा म्हणाली, "जगदेवी, करकोचे फार लांब होते. काहीतरी जवळचं दाखव ना." आणि मी मूर्ख, बोलून गेले! अंडी, तळ्याचं पोट, सगळं. का बोलले? तिनं एकदा तरी म्हणावं, की तुला किती माहीत असतं.

तिनं म्हटलं नाही. म्हणाली, "उद्या उजेड पडला की जाऊ."

१७ मे

तिच्या आधी गेले. अंधुक होतं. अंडी ओढणीत घेतली, गरम होती. पाळीवर चढले, वरच्या दगडांत ठेवली. गुरं पाण्याला येतात, तुडवतील, म्हणून उचलली.

महानंदाला रिकामा खळगा दाखवला. "कोल्ह्यानं नेली वाटतं." ती हळहळली. मला बरं वाटलं.

टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत फिरत होती.

१८ मे

गुरं पाण्याला दुसऱ्या बाजूनं येतात. हे मला काल माहीत होतं.

१९ मे

पाळीवर गर्दी! केरबामामांना अंडी दिसली. पार्वतीबाई हळदकुंकू घेऊन आल्या, कुणी नारळ आणला. "पाळीवर! पार वर! औंदा तळं भरतंय बगा!" खाली रिकाम्या खळग्यावर टिटवी किंचाळत होती. पार्वतीबाई म्हणाल्या, "पावसाला बलवायली, माय माझी."

आणि महानंदा फोटो काढत होती. अंडी, हळदीचा हात, मागे कोरडं तळं. तिला खळग्यातला फोटो मिळाला असता. माझ्यामुळे हा मिळाला.

प्रसादाचं खोबरं मीही घेतलं.

२४ मे

रोल धुऊन आला. तो फोटो फार सुंदर आहे. पन्नास वेळा पाहिला. लातूरला तोच जाणार. दुकानात सगळ्यांच्या हातून फिरला. अप्पांनी नीट धरायला सांगितला, कडेनं.

टिटवी एकदाही पाळीवर बसलेली नाही. मी रोज बघते. अंड्यांवर कुंकू आहे.

२७ मे

आज दुकानात रोहिणी नक्षत्रात कधी नव्हे इतकी गर्दी, मुगाच्या बियाण्याला. धूळपेर करणार म्हणे, पावसाआधी कोरड्यातच. "टिटवीनं सांगितलंय, आता थांबायचं कशाला?" अप्पा खूश, अव्वाही. तिनं मला मापं द्यायला बसवलं. माझ्या हातानं मापलं.

केरबामामा बियाणं घ्यायला आले नव्हते, तंबाखूला आले होते. "घरचं बी हाय, बाई, कणगीच्या तळाचं. तेवढंच. परवा टाकतो." पाऊस लांबला तर? "लांबत न्हाई. पाळीवर हायत ना." मी म्हटलं, मामा, थोडं राखून ठेवा. ते हसले. "शिकल्याली माणसं!"

कोरड्यात पडलेलं बी मुंग्या नेतात, नाहीतर शिंतोड्यानं फुगतं आणि जळतं. दुसऱ्यांदा टाकायला त्यांच्याकडे काही नाही.

पाऊस वेळेवर आला तर कुणालाच काही कळणार नाही. दुपारपासून मी त्याची वाट बघतेय, सगळ्यांपेक्षा जास्त.

२९ मे

पेरायला निघालेली माणसं आधी पाळीवर पाया पडायला आली. केरबामामांची गाडी होती, गाडीत तिफण. अप्पाही होते, महानंदाही.

सांगितलं. टिटवीनं तळ्याच्या पोटातच घातली होती, पाण्यापासून वीस पावलांवर. वर मी आणली. पार्वतीबाईंनी विचारलं, "का गं, बाई?" तेही सांगितलं. महानंदाला फोटो मिळू नये म्हणून.

अप्पा खाली उतरून गेले. केरबामामा अंड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी बैल वळवले, घराकडे.