झाकणावरच्या दोन टिचक्या

प्रिय आई,
इथूनच पाया पडते.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. फक्त डोकं चालेनासं झालंय. सर्किट तपासणाऱ्या यंत्राच्या हाताला मी त्याचा पंजा धरून काम शिकवलं. आता तो प्रत्येक सर्किटवर आधी दोन टिचक्या मारतो. साहेब म्हणाले, "हे कुठून आलं? काढून टाका." काढल्या, तर सैल जोड सापडेनात! ठेवू की काढू, काही सुचत नाही.

डबा उघडण्याआधी तू झाकणावर मारतेस, त्याच या. माझ्या हातात कधी आल्या, देव जाणे.

प्लास्टर निघालं, पण तुझा हात वळतो का गं? बाबा नुसतं "बरी आहे" म्हणतात. इथे मात्र तुझा हात दिवसभर टिचक्या मारतोय.

तुझी गोंधळलेली,
धाकटी