मागच्या भिंतीतला पंखा

३ मार्च १९६३, चिखली

आज तेरवी झाली. किसनराव आले, पाटावर बसले, बुंदी मागून घेतली. मीच वाढली. कशी वाढली, माझं मलाच नवल!

सगळे गेल्यावर भांडी तशीच ठेवून लिहायला बसले आहे. कुणाला सांगणार? ज्याच्यामुळे माणूस गेला त्यालाच त्या माणसाच्या तेरवीचं वाढायचं.

हे खामगावला कापसाच्या जिनात कामाला होते. सरकीच्या धुळीनं छाती गेली. दवाखान्यात राहून बरे होऊन आले तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता औषधापेक्षा चांगली हवा महत्त्वाची. आमची खोली केवढी! एक खाट, माझी शिवणाची मशीन, मधे एक माणूस उभा राहील एवढी जागा. गल्लीकडे एक खिडकी. आणि दिवाळी झाली तशी घरमालक किसनरावांनी बरोबर त्या खिडकीखाली तिखटाची चक्की टाकली. घर त्यांचं, गल्लीतलं छप्पर त्यांचं. कोण बोलणार? पार उंद्री गावापासूनची मिरची दळायला यायला लागली. चक्की सुरू झाली की लाल धूर खिडकीतून सरळ ह्यांच्या खाटेवर. खोकताना हे खाटेची पाटी धरून ठेवायचे. पाटीला अजून बोटांचे डाग आहेत.

संक्रांतीला तीळगूळ घेऊन मी किसनरावांकडे गेले होते. म्हटलं, मागच्या भिंतीला हातभर भोक पाडू द्या. खामगावच्या सिनेमाघरात मी आतली हवा बाहेर फेकणारा पंखा पाहिला होता, तसा बसवते. ते म्हणाले, "भिंत माझी हाय, वच्छलाबाई. आज तुमी भोक पाडसान, उद्या दुसरा दरवाजा पाडन." तीळगूळ मात्र तोंडात टाकला.

महिनाभरानं हे गेले.

आज जेवून उठताना चार लोकांत मोठ्या आवाजात म्हणाले, "काही लागलं तं सांगा बरं. लाजू नका."

मी तिथल्या तिथं म्हणाले, "मागच्या भिंतीले भोक लागते."

लोक हात धुता धुता थांबले. संक्रांतीचा नकार सगळ्यांना माहीत होता. किसनरावांनी मिशीवरून पाणी पुसलं. "घ्या पाडून," म्हणाले.


५ मार्च

किसनरावांचा निरोप — पेशंट तर राहिला नाही, आता भोक कशाला? मी उलट निरोप दिला, मी आहे ना अजून.


९ मार्च

पाटल्या मोडल्या. खामगावला जाऊन आले.

दुकानदार मला टेबल पंखाच घ्या म्हणत होता. मशीनवर बसून वारा लागेल, उचलून कुठंही ठेवता येईल. मी म्हटलं, तो मी वापरून बसले आहे. ह्यांच्यासाठी शेजारून मागून आणला होता. तो हवा बदलत नाही, आहे तीच धूळ गरगर फिरवतो. खाली बसलेलं तिखटसुद्धा उठवतो. मग त्यानं खसची ताटी दाखवली. गारवा चांगला, वासही चांगला, पण तासातासाला पाणी मारायचं आणि पाणी आमच्याकडे विहिरीवरून येतं. शेवटी त्यानं वरच्या फळीवरून लोखंडी चौकटीतला लहान पंखा काढला. भिंतीत बसवायचा. दिसायला काळा, कुरूप. आवाज बैलगाडीच्या चाकासारखा.

दुकानदार म्हणाला, "एवढ्याशा खोलीले हा जास्त होते बाई."

म्हटलं, "होऊ द्या जास्त."

एस.टी.त तो मांडीवर घेऊन बसले. एका बाईनं विचारलं, काय हाय? काय सांगू. हसले नुसती.


१३ मार्च

कचरू वायरमननं पंखा बसवला. मागच्या भिंतीला भोक पडलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पलीकडे काय आहे. अरुंद बोळ, आणि बोळाच्या पलीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, किसनरावांच्या निजायच्या खोलीची खिडकी. उघडी. आतली पितळी पायांची खाटसुद्धा दिसते.

कचरू म्हणाला, "बाई, हवा सरळ त्यायच्या घरात जाईन."

मी त्याच्यापुढं तारेचं भेंडोळं सरकवलं.  तारा जोडून गेला.


१४ मार्च

आज नीट पारख केली. मी शिवणारी बाई, डोळ्यांवर विश्वास ठेवते. पांढऱ्या मांजरपाटाच्या चिंध्या कापल्या, ओल्या केल्या आणि चक्की चालू असताना खाटेच्या वर दोरीला टांगल्या. आधी खिडकी नुसती बंद. चिंधी गुलाबी. मग टेबल पंखा पुन्हा मागून आणला. चिंधी लाल, दोन्हीकडून. मग खिडकीवर ओलं पोतं, दार ओट्याकडं उघडं आणि भिंतीतला पंखा चालू.

संध्याकाळी चिंधी काढली. पांढरी! उजेडात धरून पाहिली. वास घेतला. पाण्याचा वास, बाकी काही नाही.

ती चिंधी हातात घेऊन मी खाटेवर बसून खूप रडले. तेरवीपर्यंत असं रडू आलं नव्हतं. हा पंखा संक्रांतीला बसला असता तर हे आज ओट्यावर बसून पान लावत असते. हातभर भोक. फक्त हातभर.


१५ मार्च

आज पोतं लावलं नाही.

दुपारी चक्की भरात आली. खिडकी सताड उघडली, दार बंद केलं, पंखा लावला आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तिखट खिडकीतून आत, खोलीतून पंख्यात, पंख्यातून बोळात, बोळातून त्यांच्या खिडकीत. खोली नुसती नळी झाली. दुपारी जेवून किसनराव निजतात हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

आधी एक शिंक. मग आणखी. मग खिडकीचं दार आपटल्याचा आवाज.

तेरवीपासून पहिल्यांदा आज भाकरी गोड लागली.


१८ मार्च

रोज तेच. मशीन ओट्यावर आणली आहे. उन्हात शिवते. लोक म्हणतात, आत बसा. नको म्हणते.


२३ मार्च

त्यांची खिडकी आता बंद असते. पण लाकूड जुनं, फटी आहेत. तिखटाला फट पुरते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत!

खोकला ऐकू येतो. कोरडा, आधी बारीक, मग लांब. ओळखीचा आहे तो. आपलं माणूस पाठमोरं असलं तरी चालीवरून कळतं, तसा. मी ओट्यावर बसून टाके घालते आणि ऐकते. माझ्या मनात म्हणते, खोका! पाटी धरून खोका!

बरं वाटतं. खोटं कशाला लिहू.


२८ मार्च

पाडवा झाला. गुढी उभारली नाही. वर्षाच्या तिखटाचे दिवस आले. बायकांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत. चक्की सकाळपासून सुरू असते. माझा पंखाही.


४ एप्रिल

आज कोण यावं! मनकर्णाबाई. किसनरावांची बायको. पन्नाशीच्या, बोलायला कमी. पदर नाकावर धरून ओट्यावर बसल्या. मला वाटलं भांडायला आल्या. मी सुई खाली ठेवली, तयार होऊन बसले.

त्या म्हणाल्या, "घरात लय त्रास होऊन राह्यला वच्छलाबाई. तुमी जानरावभाऊसाठी सगळं करून पाह्यलं. तुमाले ठाऊक असन. लहान खोलीले कोन्तं चांगलं?"

मला विचारतात! त्यांच्याच घरासाठी!

मी खूप हळू, नीट समजावून सांगितलं. दारं-खिडक्या सगळ्या घट्ट बंद ठेवा. ओलं पोतं लावू नका, दमट होतं. टेबल पंखा घ्या आणि उशाशी ठेवा. तोच सगळ्यात चांगला. चिंध्यांचं सांगितलं नाही.

त्या मान हलवत ऐकत होत्या. "हाव," म्हणाल्या. जाताना माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं.

दिवसभर मशीन हलकी चालली.


७ एप्रिल

त्यांच्याकडे टेबल पंखा आला. बंद खिडकीच्या आत घरघर ऐकू येते. खोकला वाढला.


१२ एप्रिल

आता खोकल्यानंतर गप्प होतं आणि बराच वेळ काही ऐकू येत नाही. ह्यांचं शेवटी असंच व्हायचं. मी टाका घालायची थांबते. पुन्हा खोकला आला की सुई चालते.


१५ एप्रिल

बाजारात किसनराव दिसले. आंब्याच्या ढिगापाशी उभे, हसत, गाल भरलेले, आवाज खणखणीत. मी तशीच उभी राहिले. इतका खोकणारा माणूस असा कसा?

त्यांनीच हाक मारली. "काय वच्छलाबाई, मशीन ओट्यावर काऊन?"

मी म्हटलं, आत उकडते. तुम्हाला त्रास नाही का होत चक्कीचा?

"मले काय त्रास? मी तं शिमग्याच्या आदीपासून मळ्यातच निजतो. घरात काय हाय? धूळ अन् खोकला."

धूळ अन् खोकला. असं म्हणाले आणि आंबा दाबून पाहिला.

घरी कशी आले कळलं नाही. एक महिना मी कुणाचा खोकला ऐकून जेवत होते?

ह्यांच्या आजारात रोज सकाळी ओट्यावर बकरीचं दूध झाकून ठेवलेलं असायचं. कुणी ठेवलं ते कधी विचारलं नाही, मनकर्णाबाईच ठेवतात हे कळत होतं. परत जाताना आवाज यायचा, बांगड्यांचा.

पंखा बंद केला. खिडकी लावली. पण मन थांबत नाही. एक मन म्हणतं, त्याच्याच घरातली ना ती? त्याचंच खाते ना? दुसरं मन काही म्हणत नाही, नुसतं बसून आहे.


१६ एप्रिल

सकाळी त्यांच्या घरी गेले. समोरच्या दारानं.

मनकर्णाबाई त्या पितळी पायांच्या खाटेवर होत्या. डोळे सुजलेले, ओठ सुकलेले. खिडकी घट्ट बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, उशाशी टेबल पंखा. उशीवर, पाण्याच्या तांब्यावर, केसांत लाल थर. माझाच शब्द न् शब्द ऐकलेला.

त्या म्हणाल्या, "तुमी सांगतलं तसंच केलं."

मी पंखा बंद केला. उभ्यानंच सांगितलं. म्हटलं, मी खोटं सांगितलं. पंखाही त्याच्यासाठीच लावत होते, किसनरावासाठी. त्यानं खोकून मरावं म्हणून. या खोलीत तो नाही, तुम्ही निजता हे माहीत नव्हतं.

त्यांनी पदरानं ओठांवरचं तिखट पुसलं. बाहेर चक्की सुरू होत होती. मग म्हणाल्या, "पंखा काऊन लावता ते मले पह्यल्या दिशीच समजलं. तुमी पोतं काढलं ते मी हितूनच, भोकातून पाह्यलं."

"मग बोलला का नाही?"

"मले वाटे, तो एक दिवस तरी घरी निजायले येईन." खोकला आला. मी पाठीवर हात फिरवला. ह्यांच्या पाठीवर फिरवायचे तसाच फिरला. खोकला उतरल्यावर त्या म्हणाल्या, "एक दिवस. मंग मीच तुमाले म्हणली असती, पंखा जोरात लावा."

मी खाली बसले.

त्या सांगत गेल्या, थांबत थांबत. चक्की टाकू नका, जानरावभाऊ आजारी हायेत, असं त्या म्हणाल्या होत्या तेव्हा किसनरावांनी त्यांना याच खोलीत दिवसभर कोंडलं होतं. पैसा माहेराचा, चक्की त्या पैशाची, आणि तोंड उघडायची मुभा नाही. मग मला विचारायला का आल्या? "तुमी काय सांगता ते पाहाचं होतं. खरं सांगतलं असतं तं तुमचा राग गेला, असं समजली असती." जरा हसल्या. "नाई गेला. बरं वाटलं."

मी त्यांना उठवून माझ्या खोलीत आणलं. खिडकीवर ओलं पोतं, दार उघडं. पंखा लावणार तोच हात थांबला. बोळापलीकडे आता कुणीच नव्हतं. लावला.

ह्यांच्या खाटेवर त्या झोपल्या. दुपारभर खोकला नाही.


१८ एप्रिल

मनकर्णाबाई इथंच आहेत. किसनरावांचा गडी बोलवायला आला. त्या आतूनच म्हणाल्या, "सांग त्यायले, हवा चांगली हाय अठी." गडी गेला.

आम्ही दोघी फार बोलत नाही. त्या काजं करतात, मी मशीन चालवते. मधेच त्या चक्कीकडं बघतात. मग मी बघते.


१९ एप्रिल

पहाटे, गल्ली जागी व्हायच्या आत, मनकर्णाबाईंनी चक्कीचा पट्टा विळ्यानं कापला. मी दोन्ही हातांनी ताणून धरला होता. आता उजाडलं आहे, बायका मिरचीचे डबे घेऊन उभ्या आहेत, आणि किसनराव मळ्यातून यायला निघाले आहेत म्हणतात. आम्ही दोघी ओट्यावर बसलो आहोत. विळा मधे आहे.