हिमाजीपूचा अर्थ

पळसदेव
बुधवार, ता. २२ एप्रिल

ती. वन्संना ठमाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. हिकडं समदी बरी हायती. तुमची कळंबची मंडळीबी तशीच असतील असं धरून चालते.

तर पयला आला तो दाढीवाला. सोमवारी सकाळी मी पत्र्यावर कुरडया घालत व्हते, हात कोपरापतुर चिकानं भरलेला, आन् हा गडी मोटारीतनं उतरला, छातीवर हात ठेवून वाकला आन् म्हणला, "हिमाजीपू, आजी!" त्याच्या मागनं आणखी पाच जण उतरले. पोरी, पोरं, समद्यांच्या बनियनवर तेच मोठ्ठ्या अक्षरात, हिमाजीपू. तुमच्या भावानं खाटेवरनंच हात जोडले आन् मला म्हणाले, "अगं, इलेक्शन लागलं का काय? हा कंचा पक्ष म्हणायचा?"

पक्ष न्हाय, वन्सं. आपल्या श्रेयाची करामत. श्रेया म्हणजे धाकट्याची थोरली, पुण्याला शिकती. तिनं तिथं सांगितलं, माझी आजी 'शुक्रावरची सून' पिच्चरमधी हाय. झालं, आले समदे दर्शनाला.

पिच्चरचं नाव वाचून पत्र खाली ठेवू नका. एवढं वाचा, मग चुलीत घाला. तुमचे भाऊ दरसाल भाऊबीजेला तुमच्याकडं येत्यात, ओवाळून घेत्यात, डबा घेऊन परत येत्यात. त्यातला लाडू मलाबी मिळतो. 'ठमीला ये म्हणावं' असा निरोप मात्र एकोणचाळीस वर्षांत आला न्हाय. मीबी कधी विचारलं न्हाय. ते असू द्या.

पोरांचं सांगते. आधी मी लई खूश झाले, खोटं कशाला बोलू. दाढीवाल्याचं नाव अविराज. त्यानं मला खुर्चीत बसवलं, माझ्याबरोबर फोटो काढले, म्हणला, "आजी, तुम्ही डावीकडून तिसऱ्या. तुम्हाला आम्ही कुठंही ओळखू." माझं मला ठाऊक न्हवतं मी कितवी ते! मग समद्यांना पाणी दाखवायला नेलं. औंदा धरण लई उतरलंय, देऊळ अर्धं उघडं पडलंय. पोरं होडीवाल्याला म्हणत्यात, "काका, आम्हाला शुक्रावर सोडा." तो म्हणला, "आज तर सोमवार हाय, शुक्रवारी या." मी हसून हसून काठावर बसले.

त्यांना समदं ऐकायचं व्हतं. मग मी सांगितलं. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात पाणी आटून जुनं गाव वर आलं, देऊळ, पाराचा चौथरा, घरांची जोती. डायरेक्टरला म्हणं असंच उजाड पाहिजे व्हतं, चिखल भेगाळलेला आन् मधी देऊळ. झाला शुक्र! उसाच्या ट्रॉलीला पत्रा ठोकला, झालं यान. गड्यांच्या डोक्यावर कोंबड्या झाकायची डालगी, चंदेरी रंग मारून. आमा बायांच्या तोंडाला कपड्याची नीळ. चार दिवस निघंना, आमचं खोंड मला बघून दावं तोडून पळालं. आठवतंय न्हवं?

पोरं लोळत व्हती. अविराज म्हणला, "आजी, म्हणून तर हा कल्ट आहे. कल्ट क्लासिक."

म्हणलं, "व्हय बाबा. पिच्चरच्या तंबूतनं निम्म्या लोकांनी कल्टीच मारली व्हती."

तर ती आणखीच हसली. मग त्यांच्यातल्या स्वरालीनं समजावून सांगितलं. शांत पोरगी, चष्मेवाली. ती म्हणली, "आजी, कल्ट म्हणजे जो सिनेमा थोड्याच लोकांना आवडतो, पण वेड्यासारखा आवडतो. वर्षानुवर्षं परत परत बघतात. मग तो क्लासिक होतो."

"म्हणजे चांगला असतो?"

अविराज म्हणला, "चांगला नसतो, तीच तर मजा. इतका वाईट असतो की थोर होतो."

वन्सं, मी तिसरी शिकलेली बाई. पण हे मला काय पटलं न्हाय. म्हणलं, "असं कसं रं? आमच्या तानूबाईची भाकरी करपली तर ती करपलेलीच. दहा वर्षं रोज करपली म्हणून तिला कोणी थोर म्हणत न्हाय, तिच्या हातनं परात काढून घेत्यात." तो म्हणला, त्या काळात मराठीत परग्रहाचा विचार करायला छाती लागते, एवढ्याशा सामानात जग उभं केलं. हे एक मला जरा पटलं. डालगीतनं शुक्र काढणं काय सोपं काम न्हाय. म्हणलं, "मग त्याला तेवढ्याचं श्रेय दे की. पाया पडतोस आन् खिदळतोसबी. देव्हाऱ्यात बसवायचं आन् वरनं टिंगल करायची, ही कुठली रीत?"

तो म्हणला, "आजी, टिंगल नाही, प्रेम आहे."

मग ओसरीवर त्यांनी लॅपटॉपवर पिच्चर लावला. सून उसाच्या फडात उतरती, सासू तिला छळती, ती नुसत्या नजरेनं लाईट नसताना विहिरीवरची मोटार चालू करती, शेवटाला शुक्रावर माघारी जाती. फालतू पिच्चर हाय, वन्सं. तवाबी फालतू व्हता, आताबी हाय. सासूचं काम केलेल्या बाईला भाकरी थापायचं ठाऊक न्हाय, पिठाचे गोळे फेकती नुसती.

आन् मग शेवटचा शीन आला. सून परत आली म्हणून शुक्रावरच्या बाया रडत्यात, तो.

पोरं उठून उभी राहिली. एक म्हणला, "आला, आला!" समद्यांनी छातीवर हात ठेवले. पडद्यावर तुमी चिखलात बसलाव, मुठीनं भुई बडवताय, आन् तो आवाज निघतो, कापून, वढून, घुमवून केलेला, "हि... मा... जी... पू..." तसा ह्यांनी एकदम गलका केला, "हिमाजीपू!" आन् जमिनीवर बसून, मुठी आपटून, खोटंखोटं रडायला लागले. तुमच्यासारखं.

मी चहाचं पातेलं तसंच खाली ठेवलं. म्हणलं, "बंद करा."

त्यांना वाटलं मला भरून आलं. अविराज म्हणला, "आजी, हा जगातला सगळ्यात भारी ओव्हरॲक्टिंगचा शॉट आहे. ह्या बाईला आम्ही किती वर्षं शोधतोय. बारामतीला आम्ही हॉल घेतलाय, तीनशे तिकिटं गेली. सगळे मिळून हिमाजीपू म्हणणार. नंतर स्टेजवर रडण्याची स्पर्धा, जो हिच्यासारखा रडेल त्याला बक्षीस. तुम्ही पाहुण्या. आणि ही भेटली तर, आजी, हॉल डोक्यावर घेतील! कोण आहे ही?"

माझ्या अंगाची आग आग झाली. रडण्याची स्पर्धा! मयताला जाऊन कोण भारी रडलं म्हणून कोणी बक्षीस वाटतं का? मी लई बोलले. म्हणलं, "त्या शब्दाचा काय अर्थ हाय ते तरी ठाऊक हाय का तुमाला?"

तर म्हणतो कसा, "हो तर! शुक्राच्या भाषेत, तुझा ग्रह सुखी असो."

कोणी ठरवलं? तर म्हणं कुणीतरी इंटरनेटवर लिवलं. तुमचे भाऊ मान हलवत म्हणाले, "चांगला अर्थ हाय की." त्यांना काय ठाऊक? त्या दिवशी ते देवळाच्या पलीकडं डालगं घालून उभे व्हते. त्यांनी ऐकलंच न्हाय.

मी ऐकलं. आता आडपडदा कशाला ठेवू.

डायरेक्टर वरडत व्हता, रडा बायांनो, रडा, काय पण बोला, नंतर आमी त्याची शुक्राची भाषा करू. आमाला हसूच येत व्हतं. आन् तुमी एकाएकी खाली बसलाव. आधी मला कळलंच न्हाय. मग मागचं जोतं दिसलं, परसाची भिंत दिसली. आपल्याच घरामागं उभं केलं व्हतं त्यांनी आमाला. पयल्या बाळंतपणाला तुमी माहेरी आलेल्या. बाळ अकरा दिवसांचं झालं आन् गेलं. बाराव्याला बारसं व्हतं, पाळणासुदीक मागून आणला व्हता. एवढंसं मूल जाळत न्हाईत म्हणून मामंजींनी परसात शेवग्याखाली जागा केली. नाव पडलं न्हवतं, म्हणून तुमी त्याला 'जीव' म्हणायचाव. पुढच्या सालातच धरणाचं पाणी आलं.

तुमी भुई बडवत म्हणलाव, "हितं माझा जीव पुरलाय गं, ठमे." माझ्याकडं बघून म्हणलाव. मशीनवर त्यांनी त्याचे तुकडे केले, माझं नाव कापून टाकलं, उरलं ते हे. हितं-चा हि, माझा-चा मा, जीव-चा जी, पुरलाय-चा पू.

माझ्या तोंडावर आलं व्हतं, सांगून टाकावं आन् त्यांची बनियनं उतरवायला लावावीत. पण दोन गोष्टी आड आल्या.

एक ती स्वराली. ती एकटीच रडायची नक्कल करत न्हवती. माझं बोलून झाल्यावर तिनं मनगट पुढं केलं. तिथं तेच गोंदलेलं, बारीक अक्षरात. म्हणली, "आजी, माझी आई शेवटी दवाखान्यात होती तेव्हा आम्ही हाच सिनेमा बघायचो. आई हसायची, पण हा सीन आला की गप्प व्हायची. म्हणायची, ही बाई खोटं रडत नाहीये गं. मला कुणी विचारलं हा क्लासिक का, तर मी एवढंच सांगते." मी तिचा हात धरून बसले. वन्सं, दोन तासांच्या त्या करपलेल्या भाकरीत एक घास खरा हाय, आन् तो त्या मेलेल्या बाईला कळला. पिच्चरला थोरपण द्यायचंच असंल तर त्या घासाचं द्या. ट्रॉलीचं न्हाय, डालगीचं न्हाय.

दुसरी गोष्ट मीच.

त्या पोरांवर मी कोणत्या तोंडानं वरडले? इंदापूरच्या उरुसात तंबूत पिच्चर लागला तवा आपण शेजारी बसलो व्हतो. तुमच्या तोंडून तो आवाज आला आन् तंबूत पयली मी हसले. मला ठाऊक व्हतं तुमी काय म्हणलाव ते, तरी हसले. माझं निळं तोंड आधी दिसलं व्हतं, हसू थांबतच न्हवतं, असं मी इतकी वर्षं मनाला सांगत आले. पण हसू आवरतं, वन्सं. मी आवरलं न्हाय. आन् बाहेर आल्यावर, तानूबाई आन् पाच-सहा बायांच्या म्होरं, छातीवर हात ठेवून, वाकून, तुमाला म्हणले, "हिमाजीपू, वन्सं!" बाया खिदळल्या. तुमी एकदा माझ्याकडं बघितलं आन् एस्टीकडं चालायला लागलाव. घरी ठेवलेली पिशवी न्यायलासुदीक आला न्हाईत.

त्या पोरांना हात छातीवर ठेवून वाकायचं कोणी शिकवलं मला ठाऊक न्हाय. पण पयल्यांदा केलं ते मी.

अविराजनं परत विचारलं, "आजी, कोण आहे ही? जिवंत आहे का?" मी म्हणले, "बाया पुष्कळ व्हत्या, मला ठाऊक न्हाय." खोटं बोलले. खरं सांगायचा हक्क माझा न्हाय. ते बोल तुमचे हायत, ते मूल तुमचं हाय. एकदा मी ते चारचौघांत उधळलं, आता तुमाला न विचारता तीनशे जणांत उधळणार न्हाय. मग ते चांगल्यासाठी का असंना.

म्हणून विचारते. तुमी "सांग" म्हणलाव तर मी बारामतीला जाईन, स्टेजवर उभी राहीन, आन् तो शीन लागायच्या आधी समद्यांना सांगीन, ही बाई कोण, ती काय म्हणली, तिच्यावर पयलं कोण हसलं. मग ज्याला स्पर्धा घ्यायची त्यानं घ्यावी. तुमी "नको" म्हणलाव तर गाडी दारातनं माघारी धाडीन आन् मरेपतुर तोंड उघडणार न्हाय. तुमच्या दिग्विजयच्या फोनवरनं श्रेयाला तेवढा एक शब्द कळवा. तिला काय ठाऊक न्हाय, हे पत्र मी माझ्या हातानं लिवलंय, दोन दिवस लागले. तुमी स्वतः आलाव तर मी काय म्हणणार. दार तुमचंच हाय.

माफी मागत न्हाय. एकोणचाळीस वर्षांनी चिठ्ठीवर मागायची ती गोष्ट न्हाय.

पोरं येत्या रविवारी नव्हे, त्याच्या पुढच्या, तीन मेला, सकाळी दहाला मला न्यायला परत येणार हायत.

तुमच्या भावाची बायको म्हणून न्हाय, नुसती
ठमी