ग्रेस अपियोचा अर्ज

प्रिय साक्षी,

पोटच्या पोरीला पत्र लिहिताना इतके कागद फाडावे लागतील असं वाटलं नव्हतं. दिवाळीपासून आपण फोनवर जेवण आणि हवापाणी याखेरीज काही बोललेलो नाही. दोघंही सारखेच हट्टी, असं तुझी आई म्हणते.

बातमी अशी, की आमची ग्रेस अपियो घरी चाललीय. योगिनीताईंच्या वकिलीत कारकुनी करताना मी पुष्कळ अशिलं पाहिली, पण हिच्याएवढं सोशिक कुणी नाही. बाई युगांडाची. व्हिसा संपूनही राहिली म्हणून शिक्षा झाली, ती भोगूनही झाली. पण पासपोर्ट हरवलेला. तिच्या वकिलातीनं प्रवासाचा कागद दिल्याशिवाय जाता येईना, आणि तोवर बाहेरही सोडेनात. परदेशी कैद्याला आपल्या वकिलातीची मदत मागायचा हक्क असतो, म्हणून ताईंनी स्वतःच्या सहीनं अर्ज पाठवला. उत्तर आलं, या नावाची बाई आमच्या नोंदीत नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. यात अकरा महिने गेले.

तिसऱ्या खेपेला तिचीही सही घ्यावी म्हणून आम्ही तुरुंगात गेलो. बराकीतल्या बायकांनी तिला मराठी शिकवलीय, आपल्या इकडची. ताईंनी अर्जावरचं नाव वाचून दाखवलं, तशी ती माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, हे माझं नाव नाय. हे माझ्या नवऱ्याचं हाय.”

अर्ज मी लिहिला होता, साक्षी. लग्न झालंय म्हणाली, तेव्हा मी नवऱ्याचं नाव विचारलं आणि आपल्या रिवाजाप्रमाणे ग्रेसपुढे त्याचं नाव, मग त्याचंच आडनाव लिहून मोकळा झालो. लग्नानंतरही तिनं आपलं नाव बदललेलं नव्हतं. मी विचारलंच नाही. माझ्या शहाणपणापायी ती इतके महिने जास्त आत राहिली, याची मला फार शरम वाटते. मी माफी मागितली. ती म्हणाली, आता नीट लिहा. लिहिलं. सतराव्या दिवशी कागद आला. मंगळवारी तिचं विमान आहे, आणि ताई सकाळपासून गुणगुणताहेत.

दिवाळीत तू म्हणालीस, लग्नानंतरही मी माझंच नाव लावणार, तेव्हा मी भरल्या ताटावरून उठलो. रोहितची हरकत नव्हती, त्याच्या घरच्यांचीही नव्हती. होती ती माझीच. काल गुरुजी आले होते. लग्नात तांदळात लिहायला मुलीचं नवं नाव काय ठरलंय, असं विचारत होते. मी सांगितलं, मुलीला नाव आहे.

तुझाच,
बाबा