बर्फातलं पोटॅशियम

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
लॅबमधल्या, पाण्यात काय काय विरघळलंय ते मोजणाऱ्या मशीनची पूजा केली. हार, हळदकुंकू, पेढे. आमचे लॅब अटेंडंट मुल्लामामा, त्यांना म्हटलं, उदबत्त्या जरा सढळ हातानं लावा, वर्षभर बिघडून छळलंय या बयेनं. विनायकदादाचा बर्फ तोवर वितळलेला. दादा नेसरीचा, माझा सीनियर. अंटार्क्टिकाला मोहिमेवर जाऊन, खड्डा खणून, थराथरानं भरून आणलाय त्यानं. मधल्या थराच्या तिन्ही बाटल्या उघडून मशीनला लावल्या, प्रसाद खाल्ला, घरी.

४ ऑक्टो.
पोटॅशियम! तिन्ही बाटल्यांत. वरच्या-खालच्या थरांत जवळजवळ नाहीच. म्हणजे कुठंतरी जंगल पेटलं आणि धूर थेट तिथवर... सर खुर्चीतून उठले. "पोरी, तुझा थेसिस झाला बघ." दादाला लगेच फोन केला. जरा घाईच.

९ ऑक्टो.
आईनं देवापुढं उदबत्ती लावली आणि घास हातातच राहिला. काडी, लाकडाचा भुसा. जंगल काय, उदबत्ती काय, धुरात पोटॅशियम असणारच. शुद्ध पाण्याची चाचणी मी पूजेच्या आधी उरकलेली, त्यात धूर दिसणार कसा? बाकीचे थर दुसऱ्या दिवशी उघडले. पूजेच्या वेळी उघड्या होत्या त्या फक्त या तीन. मूर्ख आहे मी. जेवण गेलं नाही.

१० ऑक्टो.
त्याच उदबत्त्या आणवल्या. शुद्ध पाणी उघडं ठेवून लावल्या. मामा दारातून, "मॅडम, आज कसली पूजा हाय?" हसायलाही येईना.
पाण्यात पोटॅशियम आलं. पण बर्फातल्याच्या निम्मंच. सगळं आलं असतं तर रडून मोकळी झाले असते.

१३ ऑक्टो.
सरांना सांगितलं. "निम्मं बर्फाचं हाय न्हवं? मग तेवढं लिही की. पूजेचं कशाला काढतीस?"
म्हटलं, त्या दिवशी किती उदबत्त्या होत्या, खिडकी उघडी होती की बंद, कुणाला आठवतंय? निम्मं कशावरून?
"परीक्षक आल्ते काय हितं खंडेनवमीला?"
राग आला. मग घरी येताना लक्षात आलं, मला ते पटायला लागलंय. त्याचा जास्त राग आला.

१५ ऑक्टो.
दादाचा फोन. गावच्या शाळेत बोलायला गेलता. "पोरास्नी सांगून टाकलं, आपल्या बर्फात जंगलाचा धूर घावला म्हणून. खरं हाय न्हवं?"
म्हटलं, अजून तपासतेय.
"तपास की, निवांत तपास."
तिन्ही बाटल्या रिकाम्या आहेत. तपासायला थेंब उरलेला नाही, हे त्याला सांगितलं नाही.