कानाला पुरलेला हात

मुन्शीजी, फार उशिरा लिहितो आहे, माफ करा. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि मी दौत काढून बसलो तो आज. त्यातही घोर असा की मी लिहिणार बाळबोध, आणि तुम्हाला बाळबोध वाचता येत नव्हतं. तुम्ही मला उर्दू शिकवायला घेतली होतीत, ती अर्ध्यावरच राहिली. कुणाकडून तरी वाचून घ्या. पण वाचणारा भरवशाचा बघा, खाली लिहिलेलं चारचौघांत वाचण्यासारखं नाही.

मी आता बीडला असतो, आपल्या त्या धाकट्याच्या घरी. लंगरखान्यातून तुम्ही माझ्या हाती दिलात, तोच. चाळिशीला आला, बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवतो, मला अजून मामा म्हणतो. परवा त्याच्या पोराला शाळेत घालायला मी घेऊन गेलो. उवा झाल्या म्हणून आदल्या दिवशीच पोराचा गोटा केला होता. मास्तर म्हणाले, हात डोक्यावरून ने आणि पलीकडचा कान धर. पोरानं हसत हसत धरला. मास्तर म्हणाले, पुरला, वय झालं. एवढं ऐकलं आणि मी पोराला ओढत घरी घेऊन आलो. धाकट्याची बायको म्हणाली, "मामा, असं कावून केलं? पोरगं नाचत गेलतं, रडत आलं." तेव्हापासून मला नीट झोप नाही, जेवणावर मन नाही. म्हणून हे लिहिणं.

तुम्हाला आठवत असेलच, पण मी सगळं लिहितो, एखादी गोष्ट सुटली की मला पुन्हा पहिल्यापासून घोकावं लागतं. त्या मोठ्या दुष्काळात सीना नदीच्या पलीकडून, इंग्रजी मुलखातून, पोरं आपल्या मोगलाईत येत होती. आईबाप वाटेत मेलेले, नाहीतर चुकलेले. तुमच्या हाताखाली उपाशी माणसांना जेवू घालणारा सरकारी लंगरखाना होता आणि मी तुमचा चपरासी. वरून हुकूम असा की एकटं आलेलं परमुलखातलं पोर लहान असेल तर ठेवून घ्या, मोठं असेल तर नदीपलीकडे परत घाला. आणि लहान-मोठं ठरायचं ते हातावरून. हात डोक्यावरून कानाला पुरला की पोर मोठं. फाटकाशी न्हावी बसायचा. उवांच्या भीतीनं आधी सगळ्यांचे गोटे व्हायचे, मग मी एकेकाला आत तुमच्या मेजापुढं आणायचो आणि मनगट धरून माप घ्यायचो. तुम्ही दफ्तरात लिहायचा. तुमच्यापुढं येईपर्यंत एकाही पोराच्या डोक्यावर केस नसायचा. न्हावी मला म्हणायचा, "माझ्या वस्तऱ्याखालून पोरगं गेलं की लगीच मोठं हुतंय बघ." मी हसायचो.

ती दोघं आली तो बाजारचा दिवस. बहीण आठ-नऊ वर्षांची, तिच्या कडेवर धाकटा. तिचे केस जटा झालेले, टोपलीएवढे. न्हाव्याला दोनदा वस्तरा लावावा लागला. मग मी तिला आत आणतो, तिचा हात उचलतो, आणि तिची बोटं कानाच्या पाळीला लागतात. तुम्ही लिहिता, मोठी. धाकटा लहान. ती रडली नाही. त्याला खाली ठेवलं, स्वतःचा फाटका पदर त्याच्या मुठीतून सोडवला आणि पोरं परत घालणाऱ्या जमादाराच्या मागून नदीकडं गेली. तो मात्र तीन दिवस फाटकाला धरून होता. स्वयंपाकीण आंबिल घेऊन त्याच्यामागं फिरायची.

मग आठवड्याभरानं न्हावी तापानं पडला. त्या दिवशी पोरं केसांसकट आत आली, आणि अकराच्या अकरा लहान निघाली. तुम्ही लेखणी खाली ठेवलीत. "काय बे, आज एकबी मोठं न्हाई? कावून?" मी म्हणालो, मुन्शीजी, आज न्हावी नाही. तुम्ही मग डोक्याला गुंडाळलेला जाड रुमाल काढलात, हात नेलात, कान धरलात. रुमाल पुन्हा चढवलात, हात नेलात, बोटं वरच राहिली. "लो, मी बी लहान झालो," असं म्हणालात, पण हसला नाहीत. मला विचारलंत, हे तुला कधी उमगलं? मी म्हणालो, आत्ताच.

त्याच दिवशी तुम्ही घोडी काढून सीनेपलीकडं गेलात. तिसऱ्या दिवशी आलात, हातपाय धुतलेत आणि न जेवता अर्जी लिहायला बसलात. मी दौत धरून होतो, तुम्ही एकेक ओळ मला मराठीत सांगत होतात. मापं बंद करावीत. भावंडांची ताटातूट करू नये. पोर स्वतःचं जे सांगेल ते तसंच लिहून घ्यावं. परत धाडायचंच असेल तर काठावर सोडू नये, ओळखीच्या माणसाच्या हाती द्यावं. चार महिन्यांनी हुकूम आला. मापं थांबली, भावंडं एकत्र राहू लागली. पोराचा शब्द मात्र वरच्यांनी धरला नाही. तुम्ही म्हणालात, अर्धं तर अर्धं, उरलेल्यासाठी पुन्हा लिहू. दुसरी अर्जी निम्मी झाली होती तेव्हा प्लेग आला आणि तुम्हाला घेऊन गेला.

पहिल्या अर्जीत तुम्ही लिहिलं होतंत की ही चूक आमच्या चपराश्यानं हेरली. आणि मला तुमचा बोरू बक्षीस दिलात. तोच आता हातात आहे. त्या दिवशी तुम्ही मला शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं, मुन्शीजी. कारण मी काही हेरलं नव्हतं. मला धाकट्याच्या बहिणीनं सांगितलं होतं. बाहेर रांगेत, न्हाव्याकडं जायच्या आधी, पोरं आपापसात हात पुरवून बघत होती, तसं तिनंही बघितलं होतं. तुमच्या मेजापुढं मी तिचं मनगट धरलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "मामा, मगाशी पुरला न्हाई." मी म्हणालो, गप ऱ्हा. जमादार मागं उभा होता, रांग लांब होती, आणि तुम्ही रागावाल अशी मला धास्ती. मामा हे नाव धाकट्यानं तिच्याकडूनच उचललं.

तो अजून कधीमधी विचारतो की मुन्शीजी माझ्या बहिणीला शोधायला गेले होते ना, मग काय झालं? मी म्हणतो, ते काही बोलले नाहीत. एवढं तरी खरं आहे. तुम्ही परत आलात तेव्हा विचारायला माझी जीभ उचलली नाही. विचारलं असतं तर बाकीचं सांगावं लागलं असतं.

उद्या पोराला पुन्हा शाळेत नेणार आहे. हा कागद बोरूच्या डबीत घालून ठेवतो, पाठवायचा कुठं ते मला ठाऊक नाही. पण तुम्हाला जमेल तसा, स्वप्नात म्हणा, कसाही निरोप द्या. नदीपलीकडं ती तुम्हाला भेटली का? भेटली असेल तर मी गप ऱ्हा म्हणालो होतो, हे तिनं तुम्हाला सांगितलं होतं का? लवकर कळवा.